उजवा हात दर्याचा

मुंबई, गिरगाव
१४ नोव्हेंबर १९३१

ताई,

नमस्कार आधीच करून घेतो, कारण पुढे नुसतं मागणं आहे.

चित्रशाळा सोडल्याला वर्ष झालं. कुणी विचारलं तर तू अजून ‘शिकतोय’ म्हणून सांगतेस, ते काही खोटं नाही. भुलेश्वरात एक जयपुरी म्हातारे आहेत. देवळांसाठी आणि शेटजींच्या देवघरांसाठी हातभर, वीतभर चित्रं करतात. सगळे त्यांना बाबा म्हणतात. मी सकाळी त्यांच्यापाशी बसतो. चित्रशाळेत पाच वर्षं प्लास्टरचे ग्रीक पुतळे काढले, सावलीसकट. बाबांच्या चित्रांत सावलीच नाही. माणूस एका बाजूनं दिसतो, डोळा पूर्ण, आणि अंगावरचा एकेक दागिना मोजून घ्यावा इतका स्पष्ट. संध्याकाळी मी फ्रान्सातल्या नव्या चित्रकारांची छापील चित्रं बघतो. त्यांनीही सावली टाकून दिली आहे, रंग सपाट लावतात. या दोघांची गाठ घालून द्यायला दुसरं कुणी नाही, म्हणून ते काम मी अंगावर घेतलं आहे.

बाबांच्या चित्रांत राण्या असतात. गच्चीत उभ्या राहून कुणाची तरी वाट बघतात. मी राणी कधी पाहिलेली नाही. मला रेवदंड्याची कोळीण काढायची आहे, पण त्याच जुन्या रीतीनं. तुझ्याकडे मासळी घेऊन येणाऱ्यांपैकी कुणी दोन दिवस माझ्यासमोर उभी राहील का? नाताळात येतो.

दुसरं मागणं. आपल्या वाडीत खारी पुष्कळ. शेपटीचे केस मिळाले तर बारीक कुंचले होतील. इथे बाजारात मिळतात त्यांनी भिंत रंगवावी.

तुझा
शिवदास


चौल
२३ नोव्हेंबर १९३१

चि. शिवदास, आशीर्वाद.

खारींना विचारलं. शेपट्या देत नाहीत म्हणतात. परवा विहिरीपाशी एक मेलेली सापडली, तिची ठेवली आहे. शाळेतल्या बायका विचारतात, हेडबाईंनी आता हे काय आरंभलं. काय सांगू? भाऊ मोठा कलावंत आहे म्हणून सांगितलं.

कोळीणही मिळाली. आपली भागुबाई. बारा वर्षं आपल्या पायरीवर टोपली उतरवते. तिच्या टोपलीतले बोंबील खाऊन तुझी उंची वाढली, तेव्हा तिला विसरला नसशील. धर्माजी तिचा नवरा, स्वतःच्या मचव्याचा नाखवा आहे. मी म्हटलं, माझा भाऊ तुझं चित्र काढणार आहे. ती म्हणाली, “कशाला?” हे मलाही ठाऊक नव्हतं. “तू कागदावर राहशील,” म्हटलं. तर म्हणते, “मंग हितं काय मी र्‍हात न्हाय?”

शेवटी कबूल झाली, पण एका अटीवर. तिचेच शब्द लिहिते: “मी हाय तशी काढा. न्हाय ते लावू नका, हाय ते काढू नका.” मी तुझ्या वतीनं शब्द दिला आहे. माझ्या शब्दावर रेवदंड्याचे लोक आपल्या पोरी शाळेत पाठवतात, तेव्हा जरा जपून.

पोहे, सुपारी घेऊन जाशील म्हणून वेगळी काढून ठेवते.

ताई


मुंबई
२० फेब्रुवारी १९३२

ताई,

चित्र झालं आणि त्याला इथल्या प्रदर्शनात पदकही मिळालं. दोन्ही बातम्या एका वाक्यात देतो, म्हणजे तू पहिली वाचून दुसरीची वाट बघत बसणार नाहीस.

भागुबाई रेवदंड्याच्या वाळूत दोन दिवस माझ्यासमोर उभी राहिली. एवढी स्थिर मॉडेल चित्रशाळेत पाच वर्षांत मिळाली नव्हती. इथे आल्यावर त्या रेखाटनावरून महिनाभर रंगवत होतो. वर राखाडी आकाशाचा एक सपाट पट्टा. खाली समुद्र, जुन्या चित्रांत पाणी दाखवतात तसा केसाएवढ्या रेघांनी विणलेला. या रेघा तुझ्या खारीच्या. डाव्या कडेला भागुबाई उभी आहे. अलीकडच्या हातानं टोपली धरली आहे, पलीकडचा कपाळाशी नेला आहे, आणि ती समुद्राकडे बघते आहे. समुद्र मी रिकामा ठेवला. मांडणीसाठी थोडे फेरफार केले, पण ते तुला शोधूनही सापडणार नाहीत.

नाव दिलं ‘विरहिणी’. एका टीकाकारानं लिहिलं आहे की कपाळाशी उचललेला तो उघडा हात बघणाऱ्याला थेट समुद्रात नेऊन सोडतो. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा बाबांना वाचून दाखवलं, त्यांना मराठी येत नाही.

उन्हाळ्यात चित्र पुण्याच्या प्रदर्शनात जाईल. तिथून एका संस्थानच्या संग्रहालयात, कायमचं. त्याआधी एक मासिक ते तिरंगी छापणार आहे. अंक तुला पाठवतो. भागुबाईला दाखव.

शिवदास


चौल
९ मे १९३२

चि. शिवदास,

अंक पोचला. चित्र पाहिलं. तुझ्या लहानपणी तू कोळशानं भिंती काळ्या करायचास आणि मी मारायची. त्यातल्या दोन-तीन चापट्या परत घेते.

दुसऱ्या दिवशी भागुबाई आली. मी चांगलीच मिरवत होते. तिला पायरीवर बसवलं आणि अंक पुढे धरला. तिनं आधी पदराला हात पुसले. मग खूप वेळ पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मी खालचं नाव वाचून दाखवलं, वर त्याचा अर्थही समजावून सांगितला, शाळामास्तरीण ना मी. ती उठली. टोपली डोक्यावर घेतली आणि निघाली. माझ्यासाठी काढलेली सुरमई पायरीवर तशीच राहिली.

आज आठवा दिवस, ती आलेली नाही. तिच्याऐवजी सखुबाई म्हणून दुसरीच कोणी येते, आणि तीही माझ्याकडे न बघता मासळी देते.

माझा कयास असा: एक तर तू तिला फार काळी रंगवलीस, नाही तर नाव नडलं. धर्माजी चांगला धडधाकट आहे, आणि तू त्याच्या बायकोला विरहिणी करून ठेवलंस. अर्थ सांगितला ती माझी चूक.

ताई


मुंबई
१४ मे १९३२

ताई,

काळी नाही, सावळी आहे. छापताना काळी झाली.

आणि विरह म्हणजे मरण नव्हे. नवरा चार दिवस समुद्रावर गेला तरी विरहच. जुन्या चित्रांतल्या राण्यांचे नवरेही पुढच्या पानावर परत येतात. चित्रातली बाई आणि खरी बाई यांत फरक असतो, हे तिला समजावून सांग. तू एवढ्या मुलींना भूगोल शिकवतेस.

सोबत एक लाल लुगडं पाठवतो आहे, आगबोटीवरचा ओळखीचा माणूस आणून देईल. भागुबाईला दे. राग जाईल.

शिवदास


चौल
२१ मे १९३२

शिवदास,

लुगडं घेऊन काल कोळीवाड्यात गेले. तिथे पोचल्यावर कळलं की मला काहीच ठाऊक नव्हतं.

वारं फिरल्यामुळे सगळ्यांच्या होड्या केव्हाच परत आल्या आहेत. धर्माजीचा मचवा आलेला नाही. त्याला जाऊन काल नववा दिवस होता. भागुबाई घराच्या मागच्या अंगाला, समुद्राकडे पाठ करून बसली होती. तिची सासू ठमाबाई उंबऱ्यात होती. तिनं मला आत ये म्हटलं नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

मी म्हटलं, “ठमाबाई, चित्राचं काय चुकलं ते तरी सांगा.” तिनं आपले दोन्ही हात पुढे केले. तिला नवरा नाही, हात मोकळेच. उजवा हात वर करून म्हणाली, “ह्यो दर्याचा.” डावा वर केला. “ह्यो धन्याचा.”

मग तिनं सांगितलं. लग्नात कोळणीच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून दर्याला देतात. तो हात त्यानंतर जन्मभर मोकळा राहतो, म्हणजे दर्यानं तिच्या माणसाला सांभाळावं. डाव्या हातात बांगड्या भरतात, त्या नवऱ्याच्या. नवरा गेला की त्या फुटतात. तुझ्या चित्रात उजवा हात बांगड्यांनी भरला आहे आणि डावा मोकळा. “दर्याला दिल्यालं तुमचे भावानं परत घेतलं,” ठमाबाई म्हणाली, “आन वर तिला रांडवबी केली.”

मी अंक काढून पाहिला. तसंच आहे.

शिवदास, बारा वर्षं ती रोज माझ्यासमोर टोपली उतरवते. मी मासळी पाहिली, टोपली पाहिली, वजन पाहिलं. हात कधी पाहिला नाही. मला याची लाज वाटली आणि अजून वाटते आहे.

निघताना भागुबाई मान न वळवता एवढंच म्हणाली, “बाय, तुमी सबूद दिलेला.” लुगडं तिथेच उंबऱ्यावर ठेवून आले.

ताई


मुंबई
२५ मे १९३२

ताई,

कसं झालं ते सांगतो. मी चूक पाहिली नाही असं नव्हे, मी चूक केली तेव्हा ती चूक आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

बाबांकडे रेखाटनावरून खाका करतात. पातळ कागदावर आकृती उतरवायची, रेघेवर सुईनं भोकं पाडायची, आणि तो खाका चित्राच्या कागदावर ठेवून कोळशाची पूड चोपडायची. खाली ठिपक्यांनी आकृती उमटते. हाच खाका पालथा घातला की डावीकडे बघणारी राणी उजवीकडे बघते. बाबा एका खाक्यातून आठ सख्या काढतात, चार इकडे, चार तिकडे. भागुबाई माझ्यासमोर डावीकडे बघत उभी होती, आणि मला समुद्र उजवीकडे हवा होता. मी खाका पालथा घातला. माझ्या मूळ रेखाटनात बांगड्या डाव्याच हातात आहेत. काल काढून पाहिलं.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, आमच्या राण्यांचे दोन्ही हात भरलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही.

मला वाईट वाटतं. पण चित्र बदलता येणार नाही, हेही आत्ताच लिहून टाकतो. जो हात उघडा आहे म्हणून सगळ्यांनी वाखाणला, तोच हा डावा हात. तिथे सात हिरव्या बांगड्या आल्या तर बघणाऱ्याचा डोळा तिथेच अडेल, समुद्रापर्यंत जाणारच नाही. मग उरते काय, तर बांगड्या घातलेली एक बाई. सहा वर्षांत मला जमलेलं हे एकच चित्र आहे, ताई. संग्रहालयात ते माझ्यामागे राहील. आणि समुद्र काही मासिकं वाचत नाही.

धर्माजीचं काही कळलं तर लगेच लिही.

शिवदास


चौल
२ जून १९३२

चि. शिवदास,

धर्माजी आला.

डोलकाठी मोडली, शीड फाटलं, मचवा वाहत दक्षिणेला गेला आणि दिघीच्या खाडीत शिरला. चौघेही जिवंत आहेत. धर्माजीच्या खांद्याला लागलं आहे, तरी पहिल्याच दिवशी त्यानं पोटभर जेवून ठमाबाईशी भांडण केलं म्हणतात, त्यावरून बरा असावा. कोळीवाड्यात कुणी तुझं नावही काढलं नाही. मला वाटलं, सुटलो.

आज सकाळी भागुबाई आली. नेहमीसारखी टोपली उतरवली, पापलेट काढून दिलं, आणि पायरीवर बसली. म्हणाली, “बाय, शाई घ्या. कागद लिवा.” ती बोलली तसं मी लिहिलं आहे. मधे एकदा ‘असं नको’ म्हणून थांबले, तर म्हणाली, “तुमी लिवा ना.”

‘शिवदासदादा, भागुबाय सांगते, वेणूबाय लिवते. माजा धनी आयला. दर्यानं दिला. माजा तुमचेवर राग न्हाय. लुगडा पोचला. पन तुमचे कागदावं जी बाय हुबी हाय, तिचा धनी आजून आयला न्हाय. तिचा डावा हात मोकला हाय. ती मीच हाय ना? मंग मी हितं मासली कापते आन तिकडं हुबी र्‍हाऊन वाट बगते, आसा कसा? वेणूबाय बोलली का कागद लय वर्सं र्‍हातो. म्हंजे मी मेल्यावं, तुमी मेल्यावं बी ती हुबीच. तिला बांगड्या घाला.’

यात माझं काही नाही. मला काय वाटतं ते तू विचारू नकोस, कारण मला चित्रातलं कळत नाही आणि शब्द मोडल्याचं मात्र कळतं.

ताई


चौल
३० ऑगस्ट १९३२

चि. शिवदास,

तीन महिने तुझं पत्र नाही. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या. तू आजारी नाहीस एवढं एका ओळीत कळव. चित्राचं लिहू नकोस हवं तर.

ताई


मुंबई
१८ ऑक्टोबर १९३२

ताई,

आजारी नव्हतो. भागुबाईचं पत्र टेबलावर होतं, आणि ते तिथे असेपर्यंत दुसरं काही लिहिता येत नव्हतं.

पुण्याचं प्रदर्शन संपलं तेव्हा मी संग्रहालयाला कळवलं की चित्रात थोडी दुरुस्ती करायची आहे. त्यांचं उत्तर आलं की पदक मिळालं तेच चित्र त्यांना हवं, दुसरं नको. मी पंधरा दिवस थांबलो. मग चित्र परत मागवलं. हे धैर्यानं केलं असं समजू नकोस. प्रत्येक वेळी चित्र डोळ्यांपुढे आणलं की मला तो हात दिसेना, ती तिथे उभी आहे एवढंच दिसायचं. जे चित्र मलाच बघवत नाही ते संस्थानच्या भिंतीवर लावून काय करू?

उजव्या हातावरचा हिरवा रंग ओल्या कुंचल्यानं उचलला. दोन दिवस गेले. खालचा कागद जरा खरबरीत झाला आहे, जवळून पाहिलं तर दिसतो. मग डाव्या हातावर सात बांगड्या घातल्या. झालं ते मी म्हटलं होतं तसंच. डोळा हिरव्यावर येऊन थांबतो, पुढे सरकत नाही. समुद्र मेला. चित्र आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

मग एका दुपारी लक्षात आलं की डोळ्याला पुढे न्यायचं तर पुढे काहीतरी असायला हवं. क्षितिजावर, अगदी उजव्या कोपऱ्यात, मी एक शीड घातलं. तांदळाच्या दाण्याएवढं. तुझ्या खारीचा एकच केस उरला होता, त्यानं. आता डोळा हातावरून निघतो आणि शिडावर जाऊन टेकतो. मी दहा महिने रिकाम्या समुद्रावर खूश होतो, आणि तिथे काय नाही हे एका न शिकलेल्या बाईनं सांगितलं.

बाबांनी पाहिलं. म्हणाले, हे आता माझ्या शिष्याचं वाटत नाही. त्यांच्या तोंडून ही शिवी की शाबासकी ते मला कळलं नाही. ‘विरहिणी’ खोडून टाकलं आहे. दुसरं नाव सुचलेलं नाही.

चित्र उद्याच्या आगबोटीनं पाठवतो. छापलेलं नव्हे, खरं. भागुबाईला दाखव आणि ती काय म्हणते ते जसंच्या तसं लिही.

शिवदास


चौल
४ नोव्हेंबर १९३२

चि. शिवदास, पुष्कळ आशीर्वाद.

चित्र सुखरूप पोचलं. मी ते पाहिलं आणि रडले. हे एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस.

भागुबाईला या वेळी मी काही वाचून दाखवलं नाही, काही समजावलं नाही. नुसतं पुढे ठेवलं. तिनं विहिरीवर जाऊन हात धुतले, पदराला पुसले. मग आपला डावा हात चित्राशेजारी धरून बांगड्या मोजल्या. बरोबर भरल्या. चित्रातला उजवा हात पाहिला, मान हलवली. मला वाटलं, झालं, आता हसेल.

पण ती शिडापाशी थांबली. बोट न लावता, वीतभर लांबून बघत बसली. मग म्हणाली, “ह्यो कोनाचा मचवा?”

मी म्हटलं, “तुझ्या धन्याचा.”

“न्हाय. आमचे शिडाला ठिगल हाय.”

तर ते असं. दिघीहून आलेलं फाटकं शीड तिनं स्वतः शिवलं. घरात नवं कोरं कापड एकच होतं, तू पाठवलेलं लुगडं. ते एकदाही न नेसता तिनं फाडलं. मी म्हटलं, अगं, एवढंसं तांदळाएवढं शीड, त्यात ठिगळ घातलं तरी दिसणार कुणाला?

“मना दिसल,” ती म्हणाली.

चित्र याच आगबोटीनं परत पाठवते आहे. सोबत खारीची शेपटी आहे, या खेपेला ती कुठून मिळाली ते विचारू नकोस. ठिगळ लाल आहे, वरच्या टोकाला, तिरकं. तू घालशील असा मी तिला तुझ्या वतीनं शब्द दिला आहे.

ताई